दिनविशेष : ६ जून
१८४४ : लंडनमध्ये वायएमसीए या तरुणांच्या ख्रिस्ती संस्थेची स्थापना. कापडाच्या पेढीत नोकरी करणाऱ्या २२ वर्षांच्या जॉर्ज विल्यम्सने ११ सोबत्यांसह ती उभारली. खेड्यांतून आलेली पोरं दिवसभर राबून पेढीच्याच इमारतीत झोपत. प्रार्थना आणि बायबलवाचन हा त्यांना मोठा आधार होता. पुढे १८८५ मध्ये अमेरिकेत वायएमसीएच्याच समनर डडलीने सात मुलांना घेऊन तळ्याकाठी तंबू ठोकले. भक्तीला मोकळ्या हवेची जोड देणारी ही कल्पना मोलाचीच. ते शिबिर ‘कॅम्प डडली’ नावाने आजही भरते. मुंबईत संस्था १८७५ मध्ये आली. आपल्या पुणे जिल्ह्यात, मावळातल्या निळशीला तिची शिबिराची जागा आहे. वडगाव निंबाळकर परिसरातल्या पोरांनो, दोन खांबांना जाळी बांधून आपण खेळतो तो व्हॉलीबॉलही १८९५ मध्ये वायएमसीएच्याच व्यायामशाळेत जन्मला.