मावळचा गोळीबार : घटना नेमकी कुठून सुरू होते?

संशोधनाचा विषय ठरवताना पहिला प्रश्न येतो तो अभ्यासाची हद्द कुठे आखायची हा. पेट परीक्षेच्या तयारीत आपण 'विषयाची व्याप्ती आणि मर्यादा' हे शब्द पाठ करतो, पण हद्द बदलली की उत्तरसुद्धा बदलतं, हे फारसं कुणी सांगत नाही. आज ते एका खऱ्या घटनेवरून पाहू. मी विज्ञान शाखेचा विद्यार्थी, त्यामुळे सुरुवात पाण्यापासून करतो.

9 ऑगस्ट 2011, क्रांतिदिन. मावळ तालुक्यात कामशेतजवळच्या बऊर गावाशी शेतकऱ्यांनी मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग अडवला. मागणी एकच होती: पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी नेऊ नका. पोलिसांनी गोळीबार केला. कांताबाई ठाकर, मोरेश्वर साठे आणि श्यामराव तुपे हे तिघे त्यात गेले. बातमीत एवढंच येतं. आपल्याला त्याच्या अलीकडे-पलीकडे जायचं आहे.

आधी प्रकल्प समजून घ्या. पवना नदी लोणावळ्याच्या दक्षिणेकडच्या डोंगरात उगम पावते, मावळातून वाहत पिंपरी-चिंचवडला येते आणि पुढे दापोडीला मुळेला मिळते. धरणाचा उपयुक्त साठा साधारण साडेआठ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे जवळजवळ 2.83 कोटी घनमीटर, म्हणजे हा साठा झाला सुमारे 24 कोटी घनमीटर. शहरासाठीचं पाणी धरणातून नदीत सोडायचं आणि खाली रावेतच्या बंधाऱ्यावर उचलायचं, अशी पद्धत होती. महापालिकेचं म्हणणं असं की वाटेत पाणी मुरतं, बाष्प होऊन उडतं, प्रदूषित होतं. म्हणून धरणापासून थेट नळ टाकायचा. केंद्राच्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानात हा प्रकल्प घेतला गेला.

आता इथे थांबा आणि 'गळती' हा शब्द नीट बघा. जलशास्त्रात आपण पाण्याचा ताळेबंद मांडतो: आत किती आलं, बाहेर किती गेलं, साठा किती बदलला. पण ताळेबंद मांडायच्या आधी हद्द आखावी लागते. धरणाचा दरवाजा ते रावेतचा पंप एवढीच हद्द घेतली, तर वाटेत मुरलेलं पाणी म्हणजे तोटा. हद्द थोडी रुंद करून नदीकाठची गावं आत घेतली, की तेच पाणी विहिरींची पातळी टिकवतं, काठावरच्या मोटारींनी उसाला आणि भाजीपाल्याला जातं, गुरांना मिळतं. तिथे तो तोटा नसतो, जमा असते. दोन्ही हिशेब गणित म्हणून बरोबर आहेत. भांडण बेरजेचं नव्हतंच, हद्द कोण आखणार याचं होतं. शेतकऱ्यांना भीती होती की आज नळ आला, तर उद्या नदी कोरडी पडेल. त्यात धरणासाठी जमिनी गेलेल्यांचं पुनर्वसन अजून अपुरंच होतं. पुढे द्रुतगती मार्गालाही याच तालुक्याची जमीन गेली.

आता हेच गोळीबाराला लावून बघा. सरकारी कथन सहसा दगडफेकीपासून सुरू होतं: जमाव बेकायदा, रस्ता अडलेला, पोलिसांवर दगड आले, मग गोळीबार. ही हद्द काही मिनिटांची. आंदोलकांचं कथन सुरू होतं लाठीमारापासून, किंवा त्याही आधी, न ऐकलेल्या निवेदनांपासून. वृत्तवाहिन्यांच्या चित्रीकरणात पोलीस उभ्या गाड्यांच्या काचा फोडताना दिसले आणि त्यानंतर काही पोलिसांना निलंबित केलं गेलं. दगडफेकीपासून सुरू होणाऱ्या कथनात या दृश्याला जागाच नाही. कारण उभी गाडी कुणावर चाल करून येत नाही.

इथे एक सापळा आहे, तो ओळखा. चर्चा लगेच 'जमाव शांत होता की नव्हता' यावर येते आणि तिथेच संपते. जणू एक दगड सिद्ध झाला की गोळीचं समर्थन आपोआप झालं. हे दोन प्रश्न वेगळे आहेत. त्या वेळी लागू असलेल्या 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 129 प्रमाणे आधी जमावाला पांगण्याचा आदेश द्यायचा, आणि तो मानला नाही तर बळ वापरून पांगवायचं. म्हणजे बळाचा हेतू पांगवणे हा आहे, शिक्षा देणे हा नाही. 1990 ची संयुक्त राष्ट्रांची तत्त्वं तर हिंसक जमावाबाबतही सांगतात की जीव वाचवण्यासाठी दुसरा उपाय उरलेला नसेल तेव्हाच बंदूक. म्हणून संशोधकाने विचारायचं ते असं: गोळी सुटली त्या क्षणी कुणाच्या जिवाला धोका होता? गोळी लागलेली व्यक्ती पोलिसांकडे येत होती की दूर पळत होती? आदेश कुणी दिला? रस्ता अडवणं हा गुन्हा धरला, तरी त्याची शिक्षा कोर्टात ठरते, रस्त्यावर नाही.

मावळसाठी निवृत्त न्यायमूर्ती एम. जी. गायकवाड यांचा चौकशी आयोग नेमला गेला. आयोगाचे अहवाल वाचायला शिका, पण त्यांच्या मर्यादा ओळखून. 1952 च्या चौकशी आयोग कायद्याखालचा आयोग सत्य शोधतो, शिक्षा देत नाही. त्याचे निष्कर्ष सरकारवर बंधनकारक नसतात. शिवाय जमाव पांगवताना केलेल्या कृतीबद्दल पोलिसांवर खटला भरायचा तर त्याच संहितेच्या कलम 132 प्रमाणे सरकारची पूर्वपरवानगी लागत असे. म्हणजे ज्याच्या आदेशाखाली बळ वापरलं गेलं, त्याच्याच हातात खटल्याची किल्ली. 1 जुलै 2024 पासून नवी संहिता आली, पण या दोन्ही तरतुदी तिच्यात अनुक्रमे 148 आणि 151 या क्रमांकांनी कायम आहेत. एकेक पोलीस वाईट होता का, यापेक्षा ही रचना अभ्यासाला जास्त महत्त्वाची.

काळाची हद्द आणखी मागे न्या. 1921 ला रामनवमीच्या दिवशी शेजारच्या मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. नेतृत्व सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांचं. त्याआधीच लोणावळा, वळवण, शिरोता हे तलाव बांधून खोपोलीला वीज तयार होऊ लागली होती, ती मुंबईच्या गिरण्यांसाठी. मग 2011 चं आंदोलन हे एकाएकी भडकलेलं डोकं राहत नाही. डोंगरात पाऊस पडायचा, खोरं बुडायचं आणि फायदा दूरच्या शहराला जायचा, या नव्वद वर्षांच्या व्यवहारातलं ते पुढचं पान ठरतं.

पण जपून. हद्द मागे नेली की कारणं दिसतात, जबाबदारी मात्र धूसर होऊ शकते. 'इतिहासच तसा होता' म्हटलं की गोळी झाडणारा आणि आदेश देणारा दोघेही सुटतात. म्हणून दोन हद्दी एकाच वेळी हातात ठेवायच्या: आंदोलन का झालं हे समजायला नव्वद वर्षं, आणि तिघे कसे मेले हे ठरवायला त्या दुपारची मिनिटं. एकीचं उत्तर दुसरीला चिकटवायचं नाही.

गोळीबारानंतर जलवाहिनीचं काम थांबलं ते दहा वर्षांहून जास्त काळ. जी स्थगिती निवेदनांनी मिळाली नाही, ती तीन मृत्यूंनंतर मिळाली. मग तीच चर्चा 9 ऑगस्टच्या आधी का होऊ शकली नाही? मला विचाराल तर या विषयावरचा खरा प्रबंध याच प्रश्नावर लिहिला जायला हवा.

तुमच्यासाठी गृहपाठ: आपल्या जिल्ह्यातला असा एखादा गोळीबार किंवा लाठीमार निवडा. एका कागदावर तीन तारखा लिहा: सरकारी कथन सुरू होतं ती, आंदोलकांचं सुरू होतं ती, आणि तुम्ही सुरू कराल ती. तिसरी तारीख का निवडली, याचं कारण पाच ओळींत लिहा. ते पटण्यासारखं लिहिता आलं, तर तुमच्या संशोधन आराखड्याचं पहिलं पान तयार झालं समजा.