शेपटी गळलेली करवत

साठी उलटलेल्या बापाला वाढदिवसाला काय द्यावं, हा प्रश्न मुलांना दरवर्षी पडतो आणि त्याचं उत्तर बापाला वर्षभर भोगावं लागतं. शाल झाली, थर्मास झाला, रक्तदाब मोजायचं यंत्र झालं. गेल्या वर्षी चिरंजीवांनी पुण्याहून रत्नागिरीला एक खोकं धाडलं. मिक्सर असणार अशा समजुतीने सौभाग्यवतींनी ते स्वतः उघडलं. आतून निघाली करवत!

करवत म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जे येतं, ते कृपा करून येऊ देऊ नका. ही मोठ्या टॉर्चएवढी. एका टोकाला तीन इंची पातळ चकती, दुसऱ्या टोकाला बॅटरी. वायर नाही. आईने ती उलटसुलट करून पाहिली.

"हिला दात नाहीत, शेपटी नाही. ही कापणार कशी?"

आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची. दात तिलाही नाहीत, पण त्यावाचून तिचं कधी अडलेलं घरात कुणाला आठवत नाही. तरीही प्रश्न रास्त होता. सेवानिवृत्त माणसाला रास्त प्रश्न आणि रिकामा वेळ एकदमच मिळाले, तर तो इतिहासात शिरतो. मीही शिरलो.

करवत हा आपला घरचाच शब्द. मूळ संस्कृत 'करपत्र'. सुश्रुताने शल्यकर्मासाठी जी वीस शस्त्रं सांगितली, त्यांत करपत्र आहे. म्हणजे लाकडाआधी नसली तरी लाकडाच्या बरोबरीने आमच्या पूर्वजांची हाडंही तिने कापली. ग्रीक लोकांची कथा निराळी. डीडालस नावाचा मोठा कारागीर. त्याच्या भाच्याने माशाचा काटा पाहिला आणि त्यावरून लोखंडाची करवत केली. पोर आपल्याला मागे टाकणार, हे मामाने ओळखलं आणि त्याला गडावरून खाली ढकलून दिलं. देवीने त्याला वरचेवर झेलून तित्तिर पक्षी केला, असं ओव्हिड सांगतो. मामा ही जात कंसापासून जगभर सारखीच, एवढा बोध मी त्यातून घेतला.

त्यानंतर कित्येक शतकं करवत माणसाच्या दंडावर चालली. मग लोकांनी शक्ती बाहेरून आणायचं मनावर घेतलं. हॉलंडमधल्या कॉर्नेलिस कॉर्नेलिसझोन या गृहस्थाने पवनचक्कीच्या फिरत्या आसाला वाकडा दांडा जोडला, आणि गोल फिरणाऱ्या चक्कीने करवत वरखाली नाचवली. त्याचं पेटंट १५९३ सालचं. सोय मोठी झाली; पण चक्की काही जागची हलेना. ओंडक्याने उठून तिच्या दारी जायचं. पुढे वाफ आली तरी रीत तीच. काम शक्तीकडे जाई, शक्ती कामाकडे येत नसे. आमच्या कचेरीतही हाच न्याय होता. अर्जदाराने साहेबाकडे जायचं. साहेब अर्जदाराकडे गेल्याचं माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत मी पाहिलं नाही.

ही रीत मोडली विजेने. १८९५ साली जर्मनीत श्टुटगार्टच्या फाइन कारखान्याने हातात उचलून नेण्याजोगं विजेचं ड्रिल केलं. (ड्रिल आणि आमची करवत ही सख्खी भावंडं, मोटर एकाच घराण्यातली, टोकाला पातं बसवा नाहीतर चकती.) साहेब प्रथमच अर्जदाराच्या दारी आला! आला तो मात्र वायरची लांबलचक शेपटी घेऊन.

पुढचे दोघे अमेरिकन, बाल्टिमोर शहरातले. डंकन ब्लॅक आणि अलॉन्झो डेकर. १९१० साली एकाने आपली मोटार विकली, दुसऱ्याने घर गहाण टाकलं, आणि सहाशे-सहाशे डॉलर घालून दुकान काढलं. हातात धरायचं यंत्र कसं असावं याचा विचार करता करता त्यांना पिस्तूल सुचलं. तशी मूठ, बोटाखाली तसाच घोडा. त्याचं पेटंट त्यांना १९१७ साली मिळालं. आजही कुणी ड्रिल हातात घेतलं की भिंतीवर चालून गेल्यासारखा दिसतो, तो या दोघांमुळे.

पण या इतिहासातला माझा आवडता प्रसंग दुसऱ्या महायुद्धातला आहे. युद्धसामग्रीच्या कारखान्यांतून ही ड्रिलं एकसारखी गहाळ होऊ लागली. चौकशी केली तेव्हा कळलं की कामगार ती घरी नेतात. फळी ठोकायची, कपाट दुरुस्त करायचं. कंपनीने यावर चोर पकडायचे सोडून गिऱ्हाईक ओळखलं, आणि १९४६ साली खास घरगुती ड्रिल बाजारात आणलं. घरातल्या माणसाने स्वतःच डागडुजी करावी, ही कल्पना कारखान्याच्या मागच्या दाराने अशी आली. आमच्या कचेरीतूनही पेन्सिली घरी जात. पण त्यावरून कुणाला धंदा सुचला नाही.

आता आईचा प्रश्न. दात नाहीत तर कापते कशी? तर ही करवत नावापुरती. जातीने ती सहाण आहे. आपला फॅब्रिकेशनवाला ज्याला 'ग्राइंडर' म्हणतो, त्याचं हे धाकटं भावंड. त्याच श्टुटगार्टजवळ श्टाइनहाइम गावी आकरमान आणि श्मिट यांच्या कंपनीने १९५४ साली वेगवान ग्राइंडर आणला, आणि आपल्याकडे वनस्पती तुपाला सरसकट 'डालडा' म्हणत तसं जर्मन माणूस कुठल्याही ग्राइंडरला त्या कंपनीच्या नावाने 'फ्लेक्स' म्हणू लागला. लोखंडाच्या चकतीत अॅल्युमिनियम ऑक्साइडचे टोकदार कण राळेत बसवलेले असतात. एक कण बोथट झाला की तुटून पडतो, मागचा ताजा पुढे येतो. म्हणजे दात पडत राहतात आणि नवे येत राहतात, फक्त चकती लहान होत जाते. आईला हे समजावून सांगितल्यावर ती म्हणाली, "नवे यायची सोय आहे ना, मग दात नाहीत कसं म्हणतोस?"

मिनिटाला वीस हजार फेरे. मी कागदावर हिशेब केला तेव्हा चकतीच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ८० मीटर आला, म्हणजे ताशी सुमारे २८७ किलोमीटर. इतक्या वेगाची वस्तू आपण हातात धरून न्हाणीघरात हिंडतो, हे लक्षात आल्यापासून मी चष्म्यावर दुसरा चष्मा लावतो, लुंगी सोडून विजार घालतो आणि चकतीवरचं पत्र्याचं झाकण कधी काढत नाही. चकतीच्या मधल्या कडीवर औषधाच्या बाटलीसारखी मुदतीची तारीखसुद्धा असते. राळ जुनी झाली की चकती फुटण्याची धास्ती. आमच्या घरात तारीख पाहून वापरायच्या वस्तू आधी तिघांच्या गोळ्या होत्या, त्यांत ही एक भर पडली.

राहिली शेपटी. ती नासाने काढली, असं सांगणारा एक तरी विद्वान प्रत्येक गल्लीत असतो. आमच्या गल्लीतले निवृत्त मास्तर मला तीनदा भेटून सांगून गेले. हे खरं नाही. निकेल-कॅडमियमची बॅटरी स्वीडनच्या युंगनरने १८९९ सालीच केली होती, आणि तिच्यावर चालणारं बिनवायरचं ड्रिल ब्लॅक आणि डेकरच्या कंपनीने १९६१ साली विकायला काढलं. नासाचं काम त्यांना मिळालं ते नंतर. १९७१ साली अपोलो-१५च्या वेळी ड्रिल चंद्रावर गेलं, हे मात्र खरं. आणि तिथे काय झालं? जमिनीत अडकलं! डेव्हिड स्कॉट आणि जेम्स अर्विन या दोघांनी मुठींखाली खांदे लावून, धापा टाकत ते उपसून काढलं. मास्तरांना हे सांगितलं तर म्हणाले, "बघा, म्हणजे नासाच ना?"

जुन्या बॅटऱ्या जड आणि लवकर दमणाऱ्या. लिथियमची बॅटरी सोनीने १९९१ साली बाजारात आणली, २००५च्या सुमारास ती हत्यारांत आली, आणि तेव्हा कुठे टॉर्चएवढी करवत लोखंड कापू लागली. या बॅटरीच्या तीन जनकांना २०१९ साली नोबेल मिळालं. त्यांतले गुडइनफ तेव्हा सत्त्याण्णव वर्षांचे होते. आईला हे फार आवडलं. अजून नऊ वर्षं आहेत म्हणाली.

गेल्या आषाढात, चार दिवस पावसाने झोडपल्यावर, आई सकाळी न्हाणीघरात गेली आणि आतली कडी अडकली. दार लाकडी, फुगलेलं. कडी खाऱ्या हवेने गंजलेली. तशात लाईट गेलेली.

"अहो, आई आत कोंडल्यात!" सौभाग्यवती स्वयंपाकघरातून ओरडल्या.

"ओरडू नकोस गं," आतून आवाज आला. "मला ऐकू येतं. पाणी गार होतंय तेवढं बघा."

दार बाहेर उघडणारं, म्हणून तिन्ही बिजागऱ्या बाहेरच्या अंगाला. पण भिंतीला इतक्या लगटून की अण्णांच्या एक्सॉची चौकट तिथे शिरेना. पिन ठोकून पाहिली, ती जन्मात हलणार नव्हती. फॅब्रिकेशनवाल्याला फोन केला. तो म्हणाला, येतो, पण लाईटशिवाय ग्राइंडर काय हातात धरून बसू? आणि खाली पाणी वाहत असताना वायरचं यंत्र लावायची माझीही छाती नव्हती. बारा व्होल्टची, शेपटी नसलेली करवत जन्माला आली ती याच सकाळीसाठी, असं मला मनापासून वाटलं.

"आई, दारापासून लांब राहा. आवाज होईल."

"होऊ दे. मी स्टुलावर बसल्ये."

वरच्या बिजागरीचा नळा उभा चिरला. ठिणग्यांची ओंजळ भिंतीवर उधळली. मधलीही चिरली. खालची अर्धी झाली आणि बॅटरीवरचा शेवटचा दिवा लुकलुकून विझला. कारण उघड होतं. आदल्या रात्री मास्तरांना प्रात्यक्षिक म्हणून मी जुन्या सळईचे सात तुकडे करून दाखवले होते. चार्जर भिंतीवर, भिंतीत वीज नाही. शेपटी गळली म्हणून मी वर्षभर मिरवत होतो. ती गळली नव्हती, नुसती सोडून खुंटीला अडकवलेली होती.

"काय रे, थांबलास का?" आईचा आवाज आता थोडा बारीक आला होता. माझ्या पोटात कालवलं.

सौभाग्यवतींनी अण्णांच्या एक्सॉचं पातं सोडवून आणून हातात दिलं. एका टोकाला फडकं गुंडाळलं, पातं चिरेत उभं घातलं आणि वरखाली, वरखाली. तिसऱ्या बिजागरीची शेवटची अर्धी जाडी सुश्रुताच्याच काळासारखी कापली गेली, दंडावर, बावीस मिनिटांत. मग पहार घालून दार ओढलं. आई स्टुलावर, डोक्यावर कोरडं पातळ घेऊन बसली होती. हात थंडगार पडले होते.

बाहेर आल्यावर तिने आधी चहा मागितला. मग वाकून बिजागरीचा चिरलेला तुकडा उचलला.

"पानशेत फुटलं त्या साली बसवल्यान ह्यांनी," ती म्हणाली. "माझं लग्न झालं तेव्हा ह्या मोरीला दारच नव्हतं. मी काही बोलले नाही, पण ह्यांना कळलं. आठ दिवसांत दार."

म्हणजे १९६१. मी ते ड्रिलचं साल सांगणार होतो, पण गप्प राहिलो. तिने तिन्ही बिजागऱ्यांचे तुकडे पुसले आणि आपल्या सुपारीच्या डब्यात ठेवले.

दार अजून पडवीत भिंतीला टेकून उभं आहे. सुतार उद्या येतो म्हणाला, त्याला तीन आठवडे झाले. तूर्त न्हाणीघराला जाड पडदा आहे. आई आत असली की मोठ्याने रामरक्षा म्हणते, म्हणजे आम्हाला कळतं. आणि मी रोज रात्री झोपण्यापूर्वी बॅटरी चार्जिंगला लावतो.