क्रीडागुणशोध आणि विकास : सुरत व डांग

क्रीडागुणशोध म्हणजे मुलामुलींमधील खेळाची क्षमता लहान वयात ओळखून तिला प्रशिक्षण, आहार व शिक्षणाची जोड देणे. दक्षिण गुजरातेत याची दोन वेगळी रूपे दिसतात : सुरत शहरातील टेबल टेनिस आणि महाराष्ट्राला लागून असलेल्या डांग या आदिवासी जिल्ह्यातील धावपटू.

यंत्रणा : २०१० मध्ये सुरू झालेला ‘खेल महाकुंभ’ हा राज्यातील शोधाचा पाया. गावपातळीपासून तालुका, जिल्हा, राज्य अशा पायऱ्यांनी स्पर्धा होतात. धाव, उडी, चपळता, फेक यांची ‘बॅटरी टेस्ट’ घेऊन निवडलेल्यांना जिल्हास्तरीय क्रीडाशाळांत (डीएलएसएस) निवास, शिक्षण व प्रशिक्षण मिळते. वरच्या पातळीवरील खेळाडूंसाठी ‘शक्तिदूत’ ही अर्थसाहाय्य योजना आहे. महाराष्ट्रात क्रीडाप्रबोधिनी असेच काम करते.

खेळाडू : टेबल टेनिसमध्ये हाताची सफाई कोवळ्या वयापासून बसवावी लागते, टेबल, मार्गदर्शक आणि तोडीचा सोबती रोज हवा. शहरात हे जुळून येते. सुरतचे हरमीत देसाई (जन्म १९९३) २०१८ व २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धांत सुवर्णपदक जिंकणाऱ्या पुरुष संघात होते. २०१८ च्या आशियाई स्पर्धेतील सांघिक कांस्यपदकात आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिक संघात त्यांच्यासोबत सुरतचेच मानव ठक्कर होते.

धावण्यात उशिरा आलेलाही पुढे जाऊ शकतो. डांगमधील कराडी आंबा गावच्या सरिता गायकवाड आधी खो-खो खेळत. ॲथलेटिक्सकडे वळल्यावर २०१८ मध्ये जकार्ता येथे ४ × ४०० मीटर रिलेत आशियाई सुवर्ण मिळवणाऱ्या महिला संघात त्या होत्या. डांगच्याच मुरली गावित यांनी २०१९ मध्ये दोहा येथील आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक पटकावले.

मर्यादा : उंची सर्वांत झपाट्याने वाढण्याचा काळ मुलींमध्ये साधारण बाराव्या, मुलांमध्ये चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो, पण प्रत्येकाचा वेग निराळा. त्यामुळे एकाच वयोगटात लवकर वयात आलेली आणि वयोमर्यादेच्या तारखेनंतर लगेच जन्मलेली मुले सरस दिसतात. सावकाश वाढणारे गुणी मूल त्यात मागे पडते, हा त्याच्यावर अन्यायच होय. म्हणून एकदाच चाचणी घेऊन निकाल लावू नये. वाढीची नोंद ठेवून दरवर्षी फेरचाचणी घ्यावी आणि खो-खो, कबड्डी खेळणाऱ्या मुलामुलींना दुसऱ्या खेळात येण्याची वाट खुली ठेवावी.