धरण तेच, वर्ग वेगळा

भोर तालुक्यातल्या कामथडीला धरणांचे अप्रूप नाही. जवळच भाटघर आहे, आणि पश्चिमेला डोंगररांगांपलीकडे वेल्हे (आताच्या राजगड) तालुक्यात आंबी नदीवरचे पानशेत. भाटघर दगडी, पानशेत मातीचे. दगडी भिंतीवरून थोडा वेळ पाणी वाहिले तरी ती बहुधा तग धरते. मातीच्या भरावावरून मात्र पाणी जाऊ लागले की ते माती खात जाते आणि बघता बघता भगदाड पडते.

1961 च्या पावसाळ्यात पानशेतचे काम पुरे झालेले नसतानाच पाणी साठू लागले. भरावाच्या पोटातून पाणी बाहेर सोडणारी मोरी व तिचे दरवाजे अपुरे होते. मोरी खचली, तिच्यावरचा भराव बसू लागला. जवानांनी पोती रचून माथा उंच ठेवण्याची शिकस्त केली. 12 जुलैला सकाळी धरण फुटले. खाली खडकवासला होते, 1879 सालचे, दगडी. तेही दुपारी फुटले आणि मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या.

‘धरण किती धोक्याचे?’ असे विचारताना आपण दोन प्रश्नांची गल्लत करतो. भिंत किती पक्की, हा एक. ती फुटलीच तर खाली कोण आहे, हा दुसरा. 1985 च्या भारतीय मानकाने सांडव्यासाठी धरणांचे लहान, मध्यम व मोठे असे वर्ग केले, ते साठा आणि पाण्याची उंची पाहून. लहान धरणाला शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर पेलला की पुरे. खाली वस्ती असेल तर मोठा पूर धरावा अशी सोय होती, पण पाया आकाराचाच. केंद्रीय जल आयोगाने 2020 साली चार वर्ग सुचवले ते फुटीच्या परिणामांवरून, आणि 2021 च्या धरण सुरक्षा कायद्याने असे वर्गीकरण राज्यांवर सोपवले. म्हणजे धरणाचा एक दगडही न हलता त्याचा वर्ग बदलू शकतो. पुणे-सातारा रस्त्यालगत घरे कशी वाढली, हे कामथडीच्या शिक्षकांना आम्ही सांगायला नको. तशीच वाढ एखाद्या जुन्या तलावाखाली झाली, तर शेतापुरता असलेला धोका माणसांपर्यंत येतो.

चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण पानशेतच्या मानाने अगदी छोटे. 2 जुलै 2019 च्या रात्री ते फुटले आणि खालच्या वाडीतली किमान 19 माणसे गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. एका मंत्र्यांनी खेकड्यांवर ठपका ठेवला तेव्हा राज्यभर हसू झाले. बिळे मातीच्या भरावाला घातक असतात हे खरे. पण ती शोधून बुजवणे हे देखभालीचेच काम, आणि ते काही खेकड्यांकडे नव्हते.

मातीचे प्रत्येक धरण थोडे झिरपतेच. सहलीला नेलेल्या मुलांना भरावाच्या पायथ्याशी ते पाणी काचेच्या पेल्यात धरायला सांगावे. नितळ असेल तर बहुधा काळजी नाही. गढूळ असेल, तर आतली माती पाण्याबरोबर बाहेर चालली आहे.