सही कोणाची, चित्र कोणाचे

पदपथावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात कधी एखादा कवितासंग्रह हाती लागतो. पहिल्या पानावर कवीच्या अक्षरात कुणाला तरी ‘सप्रेम भेट’ असे लिहिलेले असते, खाली सही आणि तारीख. आपण क्षणभर थबकतो. विक्रेता मात्र ‘पान लिहिलेले आहे’ म्हणून दहा रुपये कमी करतो. ज्याला ती प्रत मिळाली होती त्याला त्या पानाचे काय मोल होते, याचा त्या दहा रुपयांशी काही संबंध नसतो. पुढील प्रकरणांचा विषय अमेरिकी स्टुडिओंत तयार झालेली ॲनिमेशनची मूळ चित्रे आणि त्यांवरच्या सह्या असा दूरचा असला, तरी त्यातले मुख्य कोडे या ढिगातले पान चाळणाऱ्याला नवे वाटणार नाही.

आधी शब्दाविषयी. या क्षेत्रात ‘सेल’ हा शब्द पावलोपावली येईल. तो बॅटरीचा सेल नव्हे, आणि दिवाळीतला तर नव्हेच. सेल्युलॉइडवरून आलेला हा शब्द एका पारदर्शक तावासाठी वापरतात. अर्ल हर्ड यांनी १९१५ च्या सुमारास या पद्धतीचे पेटंट मिळवले आणि व्यंगपटांचे अर्थकारणच बदलले. दर चौकटीसाठी अख्खे चित्र नव्याने काढण्याची गरज उरली नाही. घर, झाडे, रस्ता हे पार्श्वचित्र एकदाच रंगवायचे आणि हलणारे पात्र तेवढे वेगवेगळ्या सेलवर उतरवून त्यावर ठेवायचे.

हे काम किती हातांतून जात असे, हे नवागताने नीट समजून घ्यावे, कारण सहीचा सगळा प्रश्न तिथूनच सुरू होतो. ॲनिमेटर कागदावर पेन्सिलीने हालचाल रेखाटतो. त्याचा सहायक त्या झपाट्याच्या रेषा साफ करतो. मग शाईकाम करणारी व्यक्ती तो कागद सेलखाली ठेवून दर्शनी बाजूवर शाईने रेषा उतरवते, आणि रंगकाम करणारी व्यक्ती पाठच्या बाजूने रंग भरते, म्हणजे रेष झाकली जात नाही. शाई आणि रंगाच्या विभागात डिस्नेकडे बहुतांशी स्त्रिया होत्या, आणि पडद्यावरच्या श्रेयनामावलीत त्यांची नावे क्वचितच आली. शेवटी पार्श्वचित्रावर सेल ठेवून कॅमेऱ्याखाली चौकट टिपायची. सेकंदाला २४ चौकटी. १९३७ चा ‘स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वॉर्फ्स’ ८३ मिनिटांचा आहे. गुणाकार केला तर चौकटींची संख्या १ लाख १९ हजारांच्या वर जाते.

चौकट टिपली की सेलचे काम संपले. स्टुडिओच्या लेखी ती वापरून झालेली वस्तू होती. कित्येक सेल धुऊन पुन्हा वापरले गेले, कित्येक फेकले गेले. कपड्याचा बेत कापून झाल्यावर शिंप्याच्या दुकानात कागदी नमुन्याचे जे होते, तेच. १९३८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कूर्व्हाझिए गॅलरीने डिस्नेचे सेल माउंट लावून विकायला सुरुवात केली, तेव्हा ‘हे भिंतीवर लावता येते’ ही कल्पनाच नवी होती. १९५५ मध्ये डिस्नेलँड सुरू झाल्यावर तिथल्या आर्ट कॉर्नरमध्ये पर्यटक हेच सेल चार-दोन डॉलरना आठवण म्हणून घेऊन जात. आज संग्राहक आर्ट कॉर्नरच्या ज्या सोनेरी लेबलाकडे डोळे लावून बसतात, ते त्या काळी खेळण्यांच्या दुकानातल्या चिठ्ठीइतकेच साधे होते.

आता सहीकडे वळू. चित्रकाराच्या कॅनव्हासवरची सही म्हणते, ‘हे मी केले.’ सेलवरची सही तसे म्हणू शकत नाही. माझ्या मते या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्याने पहिल्याच दिवशी मनात पक्की करावी अशी हीच एक गोष्ट आहे. सेलवर सही करणारा बहुधा दिग्दर्शक असतो, किंवा ॲनिमेटर, किंवा पात्राला आवाज देणारा कलावंत. ज्या हाताने ती रेष शाईत उतरवली आणि ज्या हाताने तो रंग भरला, त्या हाताची सही जवळपास कधीच नसते. बग्ज बनीच्या सेलवर मेल ब्लँक यांची सही असेल, तर ब्लँक यांनी त्या चित्राला ब्रशदेखील लावलेला नाही. त्यांनी सशाला आवाज दिला. तरी ती सही खोटी नाही. ती कर्तृत्वाचा दाखला देत नाही, भेटीचा देते. अमुक माणूस अमुक दिवशी या चित्रासमोर बसला, त्याने पेन उचलले, आणि समोर कुणीतरी उभे होते, एवढेच ती सांगते.

याला अपवाद आहेत, आणि ते फार रंजक आहेत. डिस्नेचे ॲनिमेटर मार्क डेव्हिस यांचे उदाहरण घ्या. १९५९ च्या ‘स्लीपिंग ब्यूटी’तली मॅलेफिसंट आणि १९६१ च्या ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशन्स’मधली क्रुएला डे व्हिल, या दोन्ही खलनायिका त्यांच्याच. पण दोन चित्रपटांच्या मध्ये एक यंत्र आले. अब आयवर्क्स यांनी झेरॉक्सचे तंत्र स्टुडिओसाठी वळवून घेतले, आणि कागदावरची पेन्सिलरेष थेट सेलवर उमटू लागली. मॅलेफिसंटच्या सेलवरची सुरेख रेष शाईकाम करणाऱ्या कुण्या अनाम बाईची आहे. क्रुएलाच्या सेलवरची खरबरीत रेष कागदावरच्या रेखाटनाचीच, मग ती सहायकाने साफ केलेली का असेना. म्हणजे तीच सही, त्याच माणसाची, दोन वर्षांच्या अंतराने वेगळे काहीतरी सांगते. रसिक म्हणून मला मॅलेफिसंटचा सेल अधिक सुंदर वाटतो. पण डेव्हिस यांची सही मला क्रुएलाच्या सेलवरच हवी. रेखाटनाच्या कागदावर असेल तर आणखी उत्तम. डिस्नेचेच ॲनिमेटर फ्रँक टॉमस यांनी ‘लेडी अँड द ट्रॅम्प’मधला स्पॅगेटीचा प्रसंग रेखाटला, त्यांच्या हातचे त्या प्रसंगाचे पेन्सिल रेखाटन आणि त्याखाली त्यांचीच सही, असा योग आला तर दोन्ही अर्थ एकाच कागदावर नांदतात.

उलट बाजूही आहे. वॉल्ट डिस्ने यांच्या नावाने फिरणाऱ्या सह्यांपैकी कित्येक त्यांनी केलेल्याच नाहीत. हँक पोर्टर यांच्यासारखे स्टुडिओतले कलावंत त्यांच्या वतीने, त्यांच्या संमतीने सही करत. त्यात फसवण्याचा हेतू नव्हता; जगभरातून येणाऱ्या पत्रांना उत्तर देण्याची ती कचेरीची पद्धत होती. पण वळणदार, अगदी बोधचिन्हासारखी दिसणारी ‘वॉल्ट डिस्ने’ पाहून जो हरखतो, त्याने आधी थोडे थांबावे. तिथे भेटीचाही दाखला उरत नाही.

मग बाजार सहीला किती मोल देतो? लिलावातला जाणकार आधी चित्र पाहतो. पात्र कोणते, चित्रपट कोणता, पात्र पूर्ण दिसते की कंबरेपर्यंतच, डोळे उघडे आहेत की मिटलेले (मिटलेल्या डोळ्यांनी भाव खाली येतो, हे ऐकून नवागत नेहमी हसतो), आणि मुख्य म्हणजे त्याच चौकटीचे मूळ पार्श्वचित्र सोबत आहे का. सही या सगळ्यानंतर येते. सामान्य चित्राला ती थोर करत नाही. चांगल्या चित्राला थोडी उंची देते. आणि सहीसोबत ‘अमक्यास, स्नेहपूर्वक’ असे नाव आले, की बहुतेक वेळा भाव घसरतो. विकत घेणाऱ्याचे नाव वेगळे असते. दुसऱ्याला दिलेली शुभेच्छा आपल्या दिवाणखान्यात कोण लावणार? ते नाव स्टुडिओतल्या सहकाऱ्याचे असेल, तर मात्र गणित उलटते. एका ॲनिमेटरने दुसऱ्याला दिलेले रेखाटन इतिहासाचा तुकडा ठरते.

याच ठिकाणी वैयक्तिक मोल आणि विक्रीची किंमत यांचे रस्ते वेगळे होतात. माझ्या घरी एका निवृत्त ॲनिमेटरने दिलेले पेन्सिलीचे छोटे रेखाटन आहे. वर माझे नाव आहे, तेही चुकीच्या स्पेलिंगने. बाजारात त्या कागदाला दुहेरी दंड बसेल. पण त्या माणसाने पेन्सिल टोकदार करताना मला विचारले होते की तुमच्या भाषेत उंदराला काय म्हणतात, आणि मी सांगितल्यावर तो शब्द दोनदा उच्चारून पाहिला होता. ते सारे त्या चुकीच्या स्पेलिंगमध्येच अडकून बसले आहे. ते दुरुस्त केले तर भाव वाढेल, असे कुणी शपथेवर सांगितले तरी मी हात लावणार नाही.

बाजाराने हा फरक विसरायला लावला तो १९८० च्या दशकात. लिलावगृहांनी ॲनिमेशनची चित्रे उचलून धरली. १९८९ मध्ये ‘ऑर्फन्स बेनिफिट’ या १९३४ च्या कृष्णधवल लघुपटाचा सेल आणि पार्श्वचित्र २ लाख ८६ हजार डॉलरना गेले. त्याच वर्षी सदबीजने ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’च्या सेलचा स्वतंत्र लिलाव केला. आणि त्याच वर्षी ‘द लिटल मर्मेड’ आला, ज्यानंतर डिस्नेच्या पूर्ण लांबीच्या चित्रपटांत हाताने रंगवलेले सेल संपले. १९९० चा ‘द रेस्क्यूअर्स डाउन अंडर’ संगणकावर रंगला. भाव शिखरावर आणि वस्तूचा अंत एकाच वर्षी. भविष्य सांगणाऱ्यांनी तेव्हा सांगितले की आता नवे सेल होणार नाहीत, म्हणून किमती चढतच राहतील. १९९० च्या दशकात त्या उतरल्या. जपानमध्ये सेल आणखी टिकला. ‘साझाए-सान’ या दूरचित्रवाणी मालिकेने २०१३ मध्ये तो सोडला.

मूळ सेल दुर्मिळ आणि महाग झाले तेव्हा नवा माल तयार झाला. लिमिटेड एडिशन, म्हणजे कॅमेऱ्याखाली कधीच न गेलेले, संग्राहकांसाठीच हाताने रंगवलेले, क्रमांक घातलेले सेल. सेरीसेल, म्हणजे पडदाछपाईचे. व्यंगपटांचे दिग्दर्शक चक जोन्स यांनी अशा आवृत्त्यांवर उदंड सह्या केल्या. त्या खऱ्या आहेत, आणि मला जोन्स प्रिय आहेत. पण शेकडो प्रती समोर ठेवून केलेल्या सहीत भेट कोणती? ती मालाचा भाग आहे. अशी प्रत आवडली तर घ्यावी, भिंतीवर लावावी. गुंतवणूक म्हणून घेऊ नये, कारण गॅलरीत मोजलेले पैसे पुढे परत मिळणे अवघडच.

फसवणुकीविषयी थोडेच लिहितो, कारण तीत नवे काही नाही. सुरुवातीच्या काळात मी एका विक्रेत्याकडून ‘सही असलेली’ छापील प्रत घेतली. सोबत जाड कागदावरचे प्रमाणपत्र, त्यावर शिक्का. घरी भिंगाखाली पाहिले तर सहीची रेष बारीक ठिपक्यांची निघाली. सही चित्राबरोबरच छापलेली होती. प्रमाणपत्र खोटे नव्हते. सही ‘स्वहस्ते’ आहे, असे त्यात कुठेच म्हटले नव्हते. मीच ते नीट वाचले नव्हते.

जपणुकीचे शास्त्र मात्र मुंबई-कोकणात राहणाऱ्याने आधी शिकावे. जुने सेल सेल्युलोज नायट्रेटचे, नंतरचे ॲसिटेटचे. नायट्रेट पिवळे पडते, आक्रसते, आणि ज्वालाग्राही असते. ॲसिटेट कुजू लागले की त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटते; फ्रेम उघडताच व्हिनेगरचा वास आला तर समजावे. रंग ओलाव्याला फार हळवे असतात: हवा दमट झाली की चिकट होतात, कोरडी झाली की त्यांचे पोपडे सुटतात. लॉस एंजेलिसची गेट्टी कॉन्झर्व्हेशन इन्स्टिट्यूट २००९ पासून डिस्नेच्या संग्रहासोबत याच दुखण्यावर काम करत आली आहे. आर्द्रता काळजीपूर्वक वाढवून सुटलेला रंग पुन्हा बसवण्याचे प्रयोगही तिथे झाले. आपल्याकडे चार महिने पाऊस ती आर्द्रता फुकट देतो, पण काळजीपूर्वक नव्हे. काच चित्राला टेकू देऊ नका, रंग काचेलाच चिकटतो. सही बहुधा मार्करची असते, ती उन्हात फिकी पडते आणि गुळगुळीत सेलवरून घासूनही जाते. आणि फ्रेमवाल्याकडे देताना बजावून सांगा की जुना माउंट फेकायचा नाही. कित्येक सह्या माउंटवरच असतात, आणि ‘साहेब, मळका होता, नवा घातला’ हे वाक्य ऐकून ज्याचे काळीज हलले आहे त्याला हे वेगळे सांगावे लागत नाही.

सही मिळाली त्या दिवशीच एका आम्लविरहित कागदावर पेन्सिलीने लिहून ठेवा: कुणी केली, कुठे, कोणत्या तारखेला, काय बोलणे झाले. ती चिठ्ठी फ्रेमच्या पाठीशी ठेवा, सेलला चिकटवू नका. बाजारात अशी चिठ्ठी पुराव्यासारखी थोडी कामी येते. घरातल्या पुढच्या माणसाला ती बरीच अधिक कामी येते, कारण त्याला आपण भेटलेला माणूस ठाऊक नसतो.

एक शेवटची विनंती, विशेषतः मराठी वाचकांना. हे क्षेत्र आपल्यापासून वाटते तितके दूर नाही. दादासाहेब फाळके यांनी काड्यापेटीतल्या काड्या हलवून ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला. तो आज उपलब्ध नाही. डिस्नेत काम केलेले, भारतातच जन्मलेले क्लेअर वीक्स १९५६ मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवायला आले, आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या तरुणांत राम मोहन होते, ज्यांनी पुढे ‘शतरंज के खिलाडी’तला ॲनिमेशनचा भाग केला. विजया मुळे यांचा ‘एक अनेक और एकता’ १९७४ चा. या कामासाठी कितीतरी मुंबईकरांनी टेबलावर वाकून रेषा ओढल्या आणि रंग भरले. त्यांतले कुणी तुमच्या घरात होते का? माळ्यावर एखादी फाइल असेल, कडेला गोल-चौकोनी भोके पाडलेले कागद असतील, पारदर्शक तावावर रंगाचे सुटलेले पोपडे असतील. ते रद्दीत देऊ नका. आणि ते हात अजून आपल्यात असतील, तर खाली त्यांची सही घ्या.