थकलेल्या आई-वडिलांना फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला, तर घरच्यांनी आधी काय करायचं?

बायोप्सीचा रिपोर्ट मुलाच्या हातात आहे. पंचाहत्तरीचे बाबा ओपीडीबाहेर बाकावर बसलेत. वजन उतरलंय, चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते. नागपुरातल्या अशा घरांमध्ये त्या दिवशी तीन प्रश्न हमखास येतात. बाबांना सांगायचं का? या वयात किमो झेपेल का? मुंबईला न्यायचं का?

बाबांना सांगायचं का?

"त्यांना सांगू नका, खचून जातील," असं अनेक घरांत डॉक्टरांनाच बजावलं जातं. हेतू प्रेमाचा असतो. पण किमोच्या वॉर्डात बसलेल्या माणसाला बहुतेक वेळा अंदाज आलेला असतो. मग घरचे लपवतात, बाबाही काही कळलं नसल्यासारखं दाखवतात आणि दोघंही एकटे पडतात.

सगळं एकदम सांगायची गरज नाही. "डॉक्टर काय म्हणाले, ते किती सविस्तर जाणून घ्यायचंय तुम्हाला?" असं आधी विचारा. जेवढं विचारतील तेवढं खरं सांगा. उपचार त्यांच्या शरीरावर होणार आहेत, त्यामुळे निर्णयही त्यांच्याशिवाय व्हायला नको. "तरी सांगत होतो, विडी सोडा" हे वाक्य मात्र टाळा. कधीही धूम्रपान न केलेल्यांनाही हा कॅन्सर होतो.

या वयात उपचार झेपतील का?

डॉक्टर फक्त वय बघत नाहीत, रुग्णाची ताकद बघतात. त्यासाठी 'ईसीओजी' ही मोजपट्टी वापरतात. ० म्हणजे सगळी कामं पूर्वीसारखी. ३ म्हणजे जागेपणीचा निम्म्याहून जास्त वेळ खुर्चीत किंवा अंथरुणात. ४ म्हणजे पूर्ण अंथरुणाला खिळलेला. आकडा ३ किंवा ४ असेल, तर किमोचा त्रास फायद्यापेक्षा जास्त होऊ शकतो.

पण किमो हा एकच मार्ग नाही. बायोप्सीच्या नमुन्यावर ईजीएफआर, एएलके अशा जनुकीय तपासण्या करता येतात. योग्य बदल सापडला, तर घरी घ्यायच्या गोळ्यांनी उपचार होऊ शकतात. म्हणून "या तपासण्या केल्या आहेत का?" हे डॉक्टरांना नक्की विचारा. 'स्मॉल सेल' प्रकार असेल, तर तो झपाट्याने वाढतो. तिथे निर्णय लांबवू नका.

मुंबईला न्यायचं का?

नागपुरातच मेडिकल, एम्स, राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आणि जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. दुसरं मत हवं असेल, तर थकलेल्या माणसाला रेल्वेने नेण्याआधी फाईल पाठवून बघा. टाटा मेमोरियलच्या तज्ज्ञांचं मत 'नव्या' या सेवेतून ऑनलाईन मिळतं.

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे हात टेकणं का?

नाही. दुखणं, धाप, झोप, भीती यांवरचे हे उपचार आहेत आणि ते कॅन्सरच्या उपचारांसोबत पहिल्या दिवसापासून घेता येतात. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये फुफ्फुसाचा कॅन्सर शरीरात पसरलेल्या १५१ रुग्णांवर अभ्यास झाला. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना सुरुवातीपासून ही सेवा मिळाली, त्यांच्यात नैराश्य कमी होतं. शेवटच्या दिवसांत आक्रमक उपचार कमी घेऊनही ते जास्त जगले : मध्यक आयुष्य ११.६ महिने, इतरांचं ८.९ महिने.

खर्चाचं काय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' भेटतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्यांना गाठा. ७० वर्षांवरच्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्डही आहे. त्याला उत्पन्नाची अट नाही.

घरी काय करायचं?

• धाप लागली की पुढे झुकवून बसवा, समोर उशी द्या. चेहऱ्यावर छोट्या पंख्याचा वारा घेतल्याने आराम पडतो.
• ताटभर जेवणाचा आग्रह नको. थोडं थोडं, पण वारंवार द्या.
• मे महिन्यात तपासणीची वेळ सकाळची मागा. नागपूरचं ऊन धडधाकट माणसालाही सोसत नाही.
• औषधं, रिपोर्ट आणि तारखा एकाच वहीत ठेवा.
• रात्रीची जागरणं वाटून घ्या. एकाच सुनेवर किंवा मुलीवर सगळं टाकू नका.

लगेच रुग्णालय कधी गाठायचं?

खोकल्यातून जास्त रक्त, अचानक वाढलेली धाप, चेहऱ्यावर सूज, पायांतली ताकद जाणं, बरळणं किंवा किमोनंतर १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप. यातलं काहीही दिसलं, तर सकाळची वाट बघू नका.

उपचार ठरवण्याआधी बाबांना किंवा आईला एक प्रश्न विचारायला हवा : "तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं काय आहे?" कुणाला नातीचं लग्न बघायचं असतं, कुणाला आपल्याच घरात राहायचं असतं. ते उत्तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा. कोणता उपचार घ्यायचा आणि कुठे थांबायचं, हे त्यावरूनही ठरतं.