परवाना वैमानिकाचा, नोंदणी विमानाची: परदेशी वैमानिक परवान्याच्या मान्यतेचा इतिहास

प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी माझा एक माजी विद्यार्थी कॉलेजात भेटायला आला. यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन तो अमेरिकेत गेला आणि तिथे वैमानिक झाला. घरच्यांनी त्यासाठी कर्ज काढले होते. तिथला व्यावसायिक परवाना त्याच्या हातात होता आणि लॉगबुकात दोनशेहून अधिक तासांची नोंद होती. तरीही भारतात परतल्यावर तो पुन्हा अभ्यासाला बसला होता. त्याने मला विचारले, ‘‘सर, हवा तीच, लिफ्टचे सूत्र तेच. मग इथे परवाना पुन्हा का काढायचा?’’

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर वायुगतिशास्त्रात नाही, इतिहासात आहे. ते आपण टप्प्याटप्प्याने पाहू.

१. क्लबांचा काळ

१९०९ च्या जुलैमध्ये लुई ब्लेरिओ विमानाने इंग्लिश खाडी ओलांडून डोव्हरला उतरला. त्या वेळी ब्रिटनमध्ये वैमानिकांना परवाना देण्याची पद्धतच सुरू झालेली नव्हती. फ्रान्समध्ये ‘एरो क्लब द फ्रान्स’ ही हौशी लोकांची संस्था प्रमाणपत्रे देत असे आणि तिचे पहिल्या क्रमांकाचे प्रमाणपत्र ब्लेरिओच्याच नावावर आहे. ब्रिटनच्या रॉयल एरो क्लबने १९१० मध्ये हे काम सुरू केले. अशा राष्ट्रीय क्लबांना जोडणारी एफएआय ही आंतरराष्ट्रीय संघटना १९०५ मध्ये स्थापन झाली होती.

या काळात परवाना म्हणजे कौशल्याचा दाखला होता. तो सरकार देत नसे, जाणकार देत. त्यामुळे तो सीमा सहज ओलांडत असे. बेसी कोलमन या कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्रीला तिच्या देशातील एकाही शाळेने विमान शिकवायला घेतले नाही. ती फ्रेंच शिकली, फ्रान्सला गेली आणि १५ जून १९२१ रोजी तिने एफएआयचा परवाना मिळवला. तोच घेऊन ती अमेरिकेत परतली आणि हवाई कसरतींचे खेळ करू लागली. रूपांतराचा प्रश्नच आला नाही, कारण वैमानिकाला केंद्रीय परवाना देणारा कायदा अमेरिकेत १९२६ मध्ये झाला. आपल्याकडे जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी मिळालेला पहिल्या क्रमांकाचा परवानाही सरकारी खात्याचा नव्हता. तो ‘एरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्मा’ने एफएआयच्या वतीने दिलेला होता.

२. १९१९: आकाशाला मालक मिळाला

पहिल्या महायुद्धात विमानांनी बॉम्ब टाकले आणि आकाश सर्वांचे आहे ही कल्पना मागे पडली. १९१९ च्या पॅरिस कराराने प्रत्येक देशाचा आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण सार्वभौम हक्क मान्य केला. त्याच करारात असेही ठरले की विमान ज्या देशाचे, त्या देशाने दिलेला किंवा ग्राह्य ठरवलेला परवाना वैमानिकाकडे असला पाहिजे.

हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. परदेशी कंपनीचे विमान मुंबईला उतरते, तेव्हा त्याच्या वैमानिकाला भारतीय परवाना लागत नाही. त्याच्या देशाचा परवाना आंतरराष्ट्रीय कराराने ग्राह्य असतो. पण त्याच वैमानिकाला भारतात नोंदलेले, म्हणजे ‘व्हीटी’ या अक्षरांनी सुरू होणारे नोंदणीचिन्ह असलेले विमान उडवायचे असेल, तर भारताची मान्यता लागते. थोडक्यात, खाली कोणता देश आहे यापेक्षा विमान कोणत्या देशात नोंदलेले आहे हे आधी पाहावे लागते.

३. हाताची सवय: नॉर्थोल्ट, १९४०

हा केवळ कागदाचा प्रश्न आहे असे वाटत असेल, तर लंडनजवळच्या नॉर्थोल्ट विमानतळावर चला. १९४० च्या उन्हाळ्यात पोलंड आणि फ्रान्स दोन्ही पडल्यावर पोलिश वैमानिक ब्रिटनमध्ये आले होते. त्यांतले अनेक जण युद्ध पाहिलेले, कसलेले वैमानिक होते. तरीही त्यांना लगेच आघाडीवर पाठवले नाही. फ्रेंच पद्धतीच्या विमानांत इंजिनाची शक्ती वाढवायला थ्रॉटल मागे ओढावा लागे, ब्रिटिश विमानांत तो पुढे ढकलावा लागे. पोलंडच्या लढाऊ विमानांची चाके स्थिर असत. हरिकेनची चाके आत जात, त्यामुळे उतरताना ती बाहेर काढण्याची आठवण ठेवावी लागे. वेग ताशी मैलांत, उंची फुटांत आणि रेडिओवरचे हुकूम इंग्रजीत. या सगळ्याची सवय झाल्यावर ऑगस्टअखेर त्यांची ३०३ क्रमांकाची तुकडी लढाईत उतरली आणि त्या लढाईतील सर्वांत यशस्वी तुकड्यांपैकी एक ठरली.

त्यांचे कौशल्य कमी नव्हते. पण संकटात माणूस विचाराने नव्हे, सवयीने वागतो, आणि त्यांची सवय दुसऱ्या यंत्रणेत घडलेली होती.

माझ्या विद्यार्थ्यालाही मी हेच दाखवले. अमेरिकेत तो उंचीमापकावरचा दाब पाऱ्याच्या इंचांत लावत होता, भारतात तो हेक्टोपास्कलमध्ये लावायचा. प्रमाण दाब तिथे २९.९२ इंच, इथे १०१३.२५ हेक्टोपास्कल. तिथे दृश्यमानता मैलांत सांगतात, इथे मीटरमध्ये. तिथे १८,००० फुटांवर सगळीकडे प्रमाण दाब लावतात, इथे ही उंची विमानतळागणिक ठरते. एका हेक्टोपास्कलची चूक म्हणजे उंचीत साधारण ३० फुटांचा फरक. दहा हेक्टोपास्कल चुकले तर ३०० फूट. हवा तीच असली तरी ती वाचण्याची रीत वेगळी आहे.

४. १९४४: शिकागोचा समझोता

दुसरे महायुद्ध संपत आले असताना शिकागो येथे परिषद झाली आणि ७ डिसेंबर १९४४ रोजी करारावर सह्या झाल्या. आजची व्यवस्था याच करारावर उभी आहे. त्याच्या ३३ व्या कलमानुसार एका देशाचा परवाना दुसऱ्याने मानायचा, पण तो परवाना देण्याच्या अटी किमान आंतरराष्ट्रीय मानकांइतक्या तरी असल्या पाहिजेत. ही मानके ठरवण्यासाठी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे आयकाओ, १९४७ मध्ये अस्तित्वात आली. परवान्यांविषयीचे ‘परिशिष्ट १’ पुढच्या वर्षी मंजूर झाले. मात्र ३२ व्या कलमात एक राखीव हक्क ठेवला आहे. आपल्याच नागरिकाने परदेशात काढलेला परवाना आपल्या भूमीवरील उड्डाणासाठी नाकारण्याची मुभा प्रत्येक देशाला आहे.

या चौकटीत दोन वाटा तयार झाल्या. पहिली वाट तात्पुरत्या मान्यतेची. यात मूळ परदेशी परवाना कायम राहतो आणि दुसरा देश त्याला ठरावीक काळापुरते बळ देतो. मूळ परवाना संपला की मान्यताही संपते. दुसरी वाट रूपांतराची. यात मूळ परवान्याच्या आधारे काही परीक्षांतून सूट मिळते, काही द्याव्या लागतात आणि शेवटी नव्या देशाचा स्वतंत्र परवाना हाती येतो.

तुमच्या प्रयोगशाळेतील मायक्रोमीटर आठवा. दुसऱ्या शहरातील प्रयोगशाळेचे कॅलिब्रेशन प्रमाणपत्र आपण मानतो, ते त्या प्रयोगशाळेच्या पद्धतीवर भरवसा असतो म्हणून. परवान्याचेही तसेच आहे. दुसऱ्या देशाचा परवाना मानणे म्हणजे त्या देशाच्या परीक्षकांवर, डॉक्टरांवर आणि दप्तरावर भरवसा ठेवणे.

५. चरखी दादरी आणि भाषेची अट

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी संध्याकाळी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचे इल्युशिन ७६ यांची टक्कर झाली. दोन्ही विमानांतील ३४९ जण मृत्युमुखी पडले. कझाक विमानाला १५,००० फुटांवर राहण्यास सांगितले होते आणि सौदी विमानाला १४,००० फुटांवर. कझाक विमान नेमून दिलेल्या उंचीच्या खाली आले. चौकशी आयोगाने अपघाताचे हे कारण नोंदवले आणि त्यामागे कर्मचाऱ्यांचे इंग्रजीचे अपुरे ज्ञान असल्याचेही म्हटले.

या घटनेनंतर जागतिक पातळीवर विचार सुरू झाला. आंतरराष्ट्रीय उड्डाणे करणाऱ्या वैमानिकांसाठी आयकाओने भाषेची सहा पातळ्यांची मोजपट्टी आणली आणि किमान चौथी पातळी अनिवार्य केली. ही अट मार्च २००८ पासून लागू झाली आणि तयारी नसलेल्या देशांना २०११ पर्यंत सवलत मिळाली. आज परवान्यावर भाषेच्या पातळीची नोंद दिसते, तेव्हा तिच्यामागे हरियाणाच्या शेतांत पडलेले ते अवशेष आहेत हे विसरू नका.

६. भरवसा मिळतो आणि जातोही

भरवसा देशादेशांतल्या करारांनी वाढतो. युरोपीय संघातील देश एकमेकांचे परवाने विनारूपांतर मानतात. ब्रिटनही त्यात होता. ३१ डिसेंबर २०२० रोजी ब्रेक्झिटचा संक्रमण काळ संपला आणि दुसऱ्या दिवसापासून ब्रिटनमध्ये काढलेला परवाना युरोपीय संघात नोंदलेल्या विमानासाठी ग्राह्य राहिला नाही. एका रात्रीत कुणाचे कौशल्य घटले नव्हते, बदलले होते ते देशांचे नाते.

भरवसा आतूनही पोखरला जातो. जून २०२० मध्ये पाकिस्तानच्या मंत्र्यांनी २६२ वैमानिकांचे परवाने संशयास्पद असल्याचे सांगितले. लगेच अनेक देशांनी आपल्याकडील पाकिस्तानी वैमानिकांचे परवाने तपासायला घेतले. त्यांतल्या अनेकांचे परवाने खरे होते, तरी चौकशीला त्यांनाही सामोरे जावे लागले. आपणही निर्धास्त राहू नये. २०११ मध्ये भारतातही बनावट गुणपत्रिकांवर परवाने मिळवल्याची प्रकरणे उघडकीस आली होती. खोट्या परवान्याची किंमत खरा परवाना असलेलाच मोजतो.

७. भारतातील चौकट

भारतात १९३४ चा विमान कायदा आणि १९३७ चे विमान नियम दीर्घकाळ पायाभूत राहिले. परदेशी परवान्याला अटींवर व मुदतीपुरती मान्यता देण्याचा अधिकार या नियमांनी केंद्र सरकारला दिला. देशी कंपन्यांना अनुभवी कॅप्टन कमी पडले, तेव्हा परदेशी वैमानिकांना अशीच तात्पुरती परवानगी देण्यात आली. परदेशात शिकून आलेल्या भारतीयाला मात्र रूपांतराची वाट धरावी लागते. त्यात इथल्या हवाई नियमांची परीक्षा, वैद्यकीय तपासणी, अलीकडच्या उड्डाणाचा पुरावा आणि रेडिओ परवाना यांचा समावेश होतो. १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली आहे. रेडिओ परवाना पूर्वी दूरसंचार खाते देत असे. नव्या कायद्याने तेही काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे आले.

समारोप

तर माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर असे: परवाना एकाच वेळी दोन गोष्टी सांगतो. या माणसाला विमान उडवता येते, ही पहिली. आणि त्याच्यासाठी अमुक देश जबाबदार आहे, ही दुसरी. कौशल्य सीमा ओलांडून बरोबर येते, जबाबदारी मात्र नव्या देशाला नव्याने घ्यावी लागते. तुमच्यापैकी कुणी प्रशिक्षणासाठी परदेशी जाणार असेल, तर परतल्यावरच्या या टप्प्याचा वेळ आणि खर्च आधीच हिशेबात धरा. तो विद्यार्थी परीक्षा उत्तीर्ण झाला. आता तो ‘व्हीटी’ चिन्हाचे विमान चालवतो आणि उंचीमापकावर हेक्टोपास्कल लावताना दोनदा पाहतो, असे त्याने मला कळवले आहे.

विचारासाठी प्रश्न

१. तात्पुरती मान्यता आणि रूपांतर यांतील फरक उदाहरणासह स्पष्ट करा.
२. शिकागो कराराच्या ३२ व्या आणि ३३ व्या कलमांत विसंगती आहे असे तुम्हाला वाटते का? कारणे द्या.
३. डॉक्टर, वकील किंवा अभियंता यांच्या परदेशी पदवीच्या मान्यतेशी वैमानिकाच्या परवान्याची तुलना करा. साम्य कुठे आहे आणि फरक कुठे?